वापरणाऱ्याची चूक

३ मार्च, सोमवार

रक्तदाबाच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे की माणसांवर ओरडण्याऐवजी लिहून काढा. एक वही करा आणि डोकं तापलं की तिच्यात ओता. डॉक्टरांनी माझं ऑफिस पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर एक वही नाही, गठ्ठा लिहून दिला असता.

आजचं निमित्त नवी टेस्टर. वय त्रेचाळीस. याआधी काय करायची? लिफ्ट तपासायची! इमारतींच्या लिफ्टमध्ये वाळूची पोती भरायची, मध्येच वीज तोडायची आणि लिफ्ट कुठे अडकते ते कागदावर लिहायचं. चौदा वर्षं हेच. मग घरी बसून दोन वर्षांत प्रोग्रामिंग शिकली म्हणे. आणि आमच्या साहेबांनी, ज्यांनी जन्मात कोडची एक ओळ लिहिलेली नाही पण जे कोड कसा असावा यावर दर शुक्रवारी प्रवचन मात्र देतात, तिला नेमकी माझ्या शेजारची खुर्ची दिली.

"जरा सांभाळून घ्या," साहेब म्हणाले.

कोणी कोणाला, ते सांगितलं नाही.

आमची कंपनी इस्पितळांसाठी औषधांची सेवा चालवते. वॉर्डातली सिस्टर टॅब्लेटवर पलंगाचा नंबर दाबते, मग 'औषध' दाबते, आणि आमचा सर्व्हर त्या रुग्णाला आत्ता काय द्यायचं, किती द्यायचं, ते सांगतो. ही सेवा मी लिहिली. अकरा वर्षांपूर्वी, एकट्याने, पाच महिन्यांत. तेव्हा वॉर्डात एकच संगणक असायचा. आज एकेका वॉर्डात सहा-सहा टॅब्लेट फिरतात, आणि त्या भागातली एक ओळसुद्धा मला बदलावी लागलेली नाही. याला म्हणतात काम.

आणि टेस्ट कशासाठी हव्यात? तर जानेवारीत एका सिस्टरने चार नंबरच्या पलंगाला नऊ नंबरचं इन्सुलिन टोचलं. चारवर एक निवृत्त पोस्टमास्तर होते. तीन दिवस अतिदक्षता विभागात काढून वाचले. सिस्टर म्हणते, मी चारच दाबलं होतं, पडद्यावर नावही चारचंच होतं. नाचता येईना, अंगण वाकडं. मी सर्व्हरची नोंद काढली. स्वच्छ लिहिलं होतं: संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं, हीच सिस्टर, पलंग नऊ. दीड पानाचा अहवाल दिला. शेवटची ओळ: सेवेत दोष नाही, वापरणाऱ्याची चूक. सिस्टर निलंबित झाली, विषय संपायला हवा होता. पण इस्पितळाने करार पुढे चालू ठेवायला अट घातली की सेवेच्या टेस्ट दाखवा.

म्हणून लिफ्टवाली.

५ मार्च, बुधवार

लिफ्टवालीने विचारलं, "सर, सेवा चालवून बघायला कुठे जायचं?"

मी म्हटलं, "टेस्टचा सर्व्हर एकच आहे. तो माझ्या ताब्यात असतो. चालू व्हायला वीस मिनिटं लागतात. आदल्या दिवशी सांगायचं, मी वेळ देईन."

"मग नको," म्हणाली. "मी टेस्टच्या आतच उभा करते."

दुपारपर्यंत केलासुद्धा. म्हणजे असं: टेस्ट सुरू झाली की तिच्याच पोटात एक चिमुकला सर्व्हर उभा राहतो, माझी सेवा त्याच्यात चालते, टेस्ट तिला खऱ्यासारखे प्रश्न विचारते, उत्तरं तपासते, आणि सर्व्हर विझतो. सगळं मिळून तीन सेकंद. नेटवर्क नको, इस्पितळ नको, माझी परवानगी नको. हे शेवटचं ती बोलली नाही, पण मला ऐकू आलं.

भातुकली आहे ही. इवल्याशा चुलीवर इवलासा तवा. पोट कोणाचं भरणार आहे त्याने?

६ मार्च, गुरुवार

भातुकलीत आज अडचण आली. तिच्या टेस्टला माझी सेवा दारातूनच हाकलून देत होती. देणारच! माझी सेवा धर्मशाळा नाही. आधी लॉगिन करायचं, मग सर्व्हर एक बिल्ला देतो, पुढच्या प्रत्येक वेळी तो बिल्ला दाखवायचा, म्हणजे सर्व्हर ओळखतो की ही मघाचीच बाई. यालाच सेशन म्हणतात. तिची टेस्ट दर वेळी बिल्ला फेकून देऊन नव्याने दार वाजवत होती.

मला वाटलं, आता येईल विचारायला. नाही आली. संध्याकाळपर्यंत तिने बिल्ला जपून ठेवणारा नकली टॅब्लेट लिहिला. मग आली, पण वेगळंच विचारायला.

"सर, सेशनमध्ये तुम्ही काय काय ठेवता?"

"लॉगिनचं नाव आणि वेळ."

"पलंगाचा नंबर?"

"तो कशाला सेशनमध्ये? तो वॉर्डाकडे असतो. तिथून वाचायला सोपं पडतं."

"वॉर्डाकडे," ती म्हणाली, आणि लिहून घेतलं. लिफ्टवाल्यांना सगळं लिहून घ्यायची सवय असते. डोक्यात राहत नाही, त्याला काय करणार.

११ मार्च, मंगळवार

चाळीस टेस्ट झाल्या. चाळीसही हिरव्या. म्हणजे पास. साहेब तिच्या मागे उभे राहून पडदा असा बघत होते जणू नातवंड पहिलं पाऊल टाकतंय. "वा, वा! हिरवंगार!"

सूर्य पूर्वेला उगवतो याच्याही चाळीस टेस्ट लिहिता येतील. मी तसं म्हटलंही. कोणी हसलं नाही. विनोद कळायला थोडी बुद्धी लागते.

घरी बायकोला सांगितलं. ती शाळेत ग्रंथपाल आहे, दिवसभर गप्प बसायला सांगण्याचं काम करते, त्यामुळे घरी बोलते. म्हणाली, "एक विचारू? तुला आयुष्यात सगळे मूर्खच कसे भेटले?"

मी म्हटलं, "नशीब."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. बहुधा सहानुभूती असावी.

१४ मार्च, शुक्रवार

हद्द झाली. ती निलंबित सिस्टर आज ऑफिसात आली. पन्नाशीची, इस्त्रीची साडी, हातात प्लास्टिकचं फोल्डर. सत्तावीस तारखेला तिची चौकशी समितीपुढे सुनावणी आहे, त्यासाठी तिला नोंदीची प्रत हवी होती. साहेब नेमके 'मीटिंगमध्ये'. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला नेहमी मीच.

मी उभ्या उभ्याच बोललो. "सिस्टर, नोंद नऊ म्हणते."

"मी चार दाबलं होतं, सर."

"नोंद खोटं बोलत नाही."

"नोंद कोण लिहितं?"

"सेवा लिहिते. आपोआप."

"आणि सेवा कोणी लिहिली?"

"मी."

तिने मान हलवली, जणू मी काहीतरी कबूल केलं. मग म्हणाली, "बावीस वर्षं सुई टोचतेय. कधीकधी चार दाबलं की भलतंच औषध दिसतं. आम्ही पुन्हा दाबतो, मग बरोबर येतं. सगळ्या वॉर्डांना माहीत आहे. त्या दिवशी दोघांनाही इन्सुलिनच होतं. भलतं दिसलं तरी कळणार कसं?"

ऐका! यंत्राचं बटण दोन-दोनदा दाबतात आणि वर सांगतात! मी म्हटलं, "ही तक्रार कधी लेखी केलीत?"

"केली होती ना. उत्तर आलं, वापरणाऱ्याची चूक. मग कोणी करेनासं झालं."

लिफ्टवालीने तोवर तिला खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं. आणि प्रश्न काय विचारला? "त्या वेळी नऊ नंबरवर कोण होतं?"

"आमची नवी मुलगी. सहाची औषधं सगळ्या एकदमच देतात. आम्ही दोघी पाठीला पाठ लावून उभ्या होतो."

"एकाच वेळी दाबलंत?"

"मागेपुढे. क्षणाचा फरक."

लिफ्टवालीने हेही लिहून घेतलं. शिळोप्याच्या गप्पा टिपून ठेवणारी टेस्टर. मी प्रत दिली आणि दरवाजा दाखवला. म्हणजे खरोखर दाखवला, ती चुकून जिन्याऐवजी स्टोअररूमकडे निघाली होती. एवढं ज्यांना कळत नाही, त्या चार आणि नऊ काय ओळखणार?

१८ मार्च, मंगळवार

आज चाळिसांत एक लाल उगवली.

लिफ्टवालीने दोन नकली टॅब्लेट केले. दोन लॉगिन, दोन बिल्ले. पहिली सिस्टर चार निवडते. दुसरी नऊ निवडते. मग पहिली 'औषध' दाबते. टेस्टचं नाव काय ठेवावं? 'चारच्या सिस्टरला चारचंच औषध मिळतं'. कोडमध्ये गोष्टी लिहायला लागली आहे.

मिळालं नऊचं.

मी मोठ्याने हसलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बाई, तुमच्या खेळण्यातल्या सर्व्हरला दोन माणसं झेपत नाहीत. खरा सर्व्हर तीनशे झेलतो."

"असेल, सर," ती म्हणाली. "बघते."

"आणि एवढा आटापिटा कशाला? एक-एक करून सगळं चालतंय ना?"

"एक माणूस चढला तर कुठलीही लिफ्ट चालते, सर."

टाळ्या मिळवण्याची हौस. दोघांनी खाली मान घालून हसू लपवलं. मला दिसलं.

१९ मार्च, बुधवार

तिने तीच टेस्ट शंभर वेळा चालवली. शंभर वेळा लाल. मग मी स्वतः तिच्या खुर्चीत बसलो, तिची चूक तिलाच दाखवायला. लाल. म्हटलं, तुमचा हा चिमुकला सर्व्हरच बिल्ल्यांची गल्लत करतोय. तिने दोन ओळी बदलून दुसऱ्याच बनावटीचा सर्व्हर पोटात बसवला. लाल.

डोकं दुखत होतं. लवकर घरी आलो.

२० मार्च, गुरुवार

सकाळी कोणी यायच्या आत गेलो आणि माझा कोड उघडला. त्या भागात अकरा वर्षांत गेलो नव्हतो.

सेवा निवडलेला पलंग वॉर्डाच्या नावावर ठेवते. वॉर्डाला एक जागा. पहिलीने चार ठेवला, तिने 'औषध' दाबायच्या आत दुसरीने त्याच जागी नऊ ठेवला, तर पहिलीला नऊचं औषध जातं. टॅब्लेटवर नाव मात्र चारचंच राहतं, कारण नाव टॅब्लेट स्वतःच्या यादीतून दाखवतो.

यात चूक काय? वॉर्डात एकच संगणक होता तेव्हा हेच योग्य होतं. टॅब्लेट आणायचं मी सांगितलं नव्हतं. टॅब्लेट आले तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं होतं, पण 'चालेल ना?' असं विचारलं होतं. त्याला काय उत्तर द्यायचं असतं?

आणि तरी त्या सिस्टरचं प्रकरण वेगळं. तिच्या वेळी नोंदच नऊ म्हणते. म्हणजे तिने नऊच दाबलं. नोंद ती नोंद.

पलंग सेशनमध्ये हलवला. चार ओळी, अर्धा तास. बदलाच्या टिपणीत लिहिलं, 'किरकोळ साफसफाई'. उद्याच्या नेहमीच्या अपडेटबरोबर इस्पितळात जाईल. टेस्ट हिरवी झाली.

विषय संपला. रक्तदाब १६०.

२१ मार्च, शुक्रवार

"सर, ती हिरवी झाली," लिफ्टवाली म्हणाली.

"झाली ना? मग?"

"लाल का होती?"

"किरकोळ होतं काहीतरी."

तिने पडदा माझ्याकडे वळवला. माझे चार ओळींचे बदल. तिला वाचता येतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. हळू आवाजात म्हणाली, "गुरुवारी सुनावणी आहे त्यांची. समितीला मी कळवू, की तुम्ही कळवता?"

ही धमकी नाही तर काय? कालपरवा आलेली बाई! मी थेट साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, ते तिला समज देतील.

साहेब आधी पांढरे पडले, मग गुलाबी झाले. "पण दुरुस्त झालंय ना आता? झालं तर मग! झाकली मूठ. एकतीसला करारावर सह्या आहेत हो."

"ती समितीला कळवणार म्हणते."

"कशी कळवेल? तिला महिनासुद्धा झालेला नाही. कंपनीची गोष्ट बाहेर नेली तर कायदेशीर नोटीस, असं सांगून आजच मोकळं करतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमची काही हरकत?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं.

२४ मार्च, सोमवार

शेजारची खुर्ची रिकामी. बरं वाटतं. हवा येते.

साहेब म्हणाले, "त्या टेस्टही काढून टाका. नको ती लाल-हिरवी भानगड. नव्याने साध्या लिहून घेऊ."

काढायला बसलो. काढण्यापूर्वी एकच गोष्ट सिद्ध करायची होती, निदान स्वतःपुरती. औषधात गल्लत होत असेल, पण नोंद तर बरोबर राहत असेल ना? सिस्टरने चार दाबलं असतं तर नोंदीत चार आलं असतं, आणि नोंदीत आहे नऊ. एवढं दाखवलं की अहवाल माझा खरा.

आयुष्यात टेस्ट लिहिली नव्हती. आज लिहिली. जुना कोड परत आणला, तिच्या चिमुकल्या सर्व्हरमध्ये बसवला, तिचेच दोन नकली टॅब्लेट घेतले. पहिली चार निवडते, दुसरी नऊ निवडते, पहिली औषध मागते. मग नोंद उघडून बघायचं. मी अपेक्षा लिहिली: पहिली सिस्टर, पलंग चार.

तीन सेकंद.

नोंदीत आलं: पहिली सिस्टर, पलंग नऊ.

नोंद लिहिणारी ओळही त्याच जागेवरून नंबर वाचते. मीच लिहिली आहे ती.

टेस्ट काढल्या नाहीत. साहेबांना सांगितलं, काढल्या.

२५ मार्च, मंगळवार

आज तक्रारींची फाईल काढली. अकरा वर्षांत या इस्पितळाकडून औषधांच्या गल्लतीबद्दल एकतीस तक्रारी. एकतिसांनाही उत्तर मीच दिलेलं. एकतीस वेळा तीच ओळ. काही ठिकाणी मी मूळ पत्र नीट वाचलंही नसावं, कारण एकाने तक्रारीखाली विचारलं होतं की सुट्टीच्या दिवशी मदतीला फोन कुठे करायचा, आणि मी त्यालाही वापरणाऱ्याची चूक म्हटलं आहे.

वेळा ताडून पाहिल्या. त्याच वॉर्डात त्याच क्षणी दुसरं कोणी टॅब्लेट वापरत होतं का? पंचवीस तक्रारींत नव्हतं. सहांत होतं.

सहांतली एक सिस्टर आठ वर्षांपूर्वीची, मुलांच्या वॉर्डातली. टॅब्लेट नुकतेच आले होते. एका लहान मुलीला शेजारच्या मुलीचं झटक्यांचं औषध गेलं. मुलगी दोन दिवस शुद्धीवर नव्हती, मग बरी झाली. सिस्टरने स्वतःच्या हाताने चार पानं लिहिली होती. 'मी दोनदा वाचून दाबलं. माझी चूक असती तर मी कबूल केली असती. कृपया यंत्र तपासावं.' माझं उत्तर एका ओळीचं. खाली इस्पितळाचा शेरा: राजीनामा घेतला.

एवढं उद्धट पत्र कोणा गाढवाने लिहिलं म्हणून सही पाहिली. सही सुरेख आहे. मला माझ्या सहीचा अभिमान होता.

घरी बायकोने विचारलं, "जेवत का नाहीस?" मी सांगितलं. सगळं. लिफ्टवालीला काढलं तेव्हा मी गप्प बसलो तेही. ती ओरडेल असं वाटलं. ती फक्त म्हणाली, "गुरुवारी किती वाजता आहे ते?"

"साडेदहा. पण मला बोलावलेलं नाही."

"बोलावलेलं नसताना तू सगळ्यांच्या कामात बोलतोस की."

२७ मार्च, गुरुवार

गेलो. साहेबांना रजेचा निरोप ठेवला.

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली, लांब टेबल, त्यावर हिरवं कापड. समितीत तिघं: मुख्य परिचारिका, एक सर्जन आणि एक प्रशासकीय अधिकारी. अधिकारी असा की प्रत्येक वाक्याआधी पेन झटकायचा. सिस्टर एका टोकाला तेच फोल्डर घेऊन. मला पाहून तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, मी तिच्याविरुद्ध सांगायला आलो. वाटणारच.

मी म्हटलं, "मला दहा मिनिटं द्या."

"आपलं नाव यादीत नाही," अधिकारी म्हणाला आणि पेन झटकलं.

"अहवालावर आहे," मी म्हटलं.

लॅपटॉप उघडला. जानेवारीतली सेवा, जशीच्या तशी, टेस्टच्या पोटातल्या सर्व्हरवर. त्यांना सांगितलं, ही पहिली सिस्टर, ही दुसरी. दोघींचे बिल्ले वेगळे. आता बघा. लाल. पुन्हा, लाल. मग नोंदीची टेस्ट. लाल. सर्जन खुर्ची सोडून माझ्या मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "म्हणजे नोंदसुद्धा?"

"नोंदसुद्धा."

अधिकाऱ्याला एवढं दाखवूनही कळलं नव्हतं. उंटावरचा शहाणा. "मग थोडक्यात चूक कोणाची समजायची? यंत्राची?"

"यंत्राला चूक करायची अक्कल नसते," मी म्हटलं. "चूक माझी. सेवाही माझी, अहवालही माझा. सिस्टरनी चारच दाबलं होतं."

हे वाक्य मी वाटेत दहा वेळा म्हणून पाहिलं होतं. 

मुख्य परिचारिकेने चष्मा काढला. "आणखी किती?" तिने विचारलं. बाकीच्या दोघांपेक्षा तीच हुशार निघाली.

"सहा, यांना धरून सात. यादी आणली आहे."

बाहेर व्हरांड्यात सिस्टर माझ्याजवळ आली. मला वाटलं, आभार मानेल. मनात मी 'त्यात काय, सिस्टर' असं म्हणून ठेवलंही होतं.

ती म्हणाली, "त्या दुसऱ्या बाई नाही आल्या? ज्यांनी पाणी दिलं होतं त्या?"

"त्यांनीच शोधलं हे. त्यांना काढलं."

"कोणी?"

"कंपनीने."

"तुम्ही होतात तेव्हा तिथे?"

मी हो म्हटलं. तिने फोल्डर छातीशी धरलं आणि जिन्याने खाली गेली. या वेळी तिला जिना बरोबर सापडला.

१ एप्रिल, मंगळवार

करारावर काल सह्या झाल्या नाहीत. इस्पितळाने कळवलं आहे की टेस्ट लिहिणाऱ्या बाई परत आल्या तर आणि तरच पुढे बोलू. साहेबांनी तिला स्वतः फोन केला. दार उघडं होतं. "गैरसमज झाला होता," असं सात वेळा म्हणाले. ज्याला कणा नसतो त्याला वाकायला त्रास होत नाही.

मला साहेब म्हणाले, "तुम्ही मला तोंडघशी पाडलंत." सेवा माझ्याकडून काढून घेतली आहे. नोकरी अजून आहे, कारण त्या कोडमध्ये शिरायला दुसरं कोणी तयार नाही.

लिफ्टवाली आज आली. त्याच खुर्चीत बसली. मी म्हटलं, "त्या दिवशी मी साहेबांकडे गेलो होतो."

"माहीत आहे मला."

"मी बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. एवढंच. 'जाऊ द्या' नाही, 'होतं असं' नाही. मग पडद्याकडे बघत म्हणाली, "नोंदीची टेस्ट कोणी लिहिली? नाव फार वाईट ठेवलंय. 'टेस्ट १'. काय तपासतेय ते कळायला नको?"

तिने बदललं. मला विचारून बदललं असतं तर बरं दिसलं असतं, पण नवं नाव चांगलं आहे.

३ एप्रिल, गुरुवार

इस्पितळाने सहाजणींचे पत्ते आणि फोन दिले. पत्रं त्यांच्याकडून जातील. मुख्य परिचारिकेचा आग्रह होता की त्याआधी कंपनीतल्या कोणीतरी बोलावं. साहेबांनी जनसंपर्कवाल्या मुलीचं नाव सुचवलं. मी म्हटलं, मी करतो. मागे फोन उचलायचो तो ओरडण्यासाठीच.

पहिला मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरना. आता त्या नवऱ्याबरोबर एका शिंपीकामाच्या दुकानात आहेत. मागे मशीनचा आवाज येत होता. मी नाव सांगितलं, कंपनी सांगितली. मशीन थांबलं.

मी सांगितलं. वॉर्डाला एकच जागा होती. तुम्ही बरोबर दाबलं होतं. नोंद चुकीची होती. तुमचं पत्र आलं तेव्हा मी तपासलं नाही. चूक तुमची नव्हती, माझी होती.

पलीकडे खुर्ची सरकली.

"हे मला काय सांगता?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच जड गेलं. "मला माहीतच होतं. आठ वर्षं मी दुसरं काय सांगतेय? थांबा जरा."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. पावलं. दार. मग लांबून त्यांचा आवाज, "अहो, इकडे या. आधी या तर खरं. हा माणूस काय सांगतो ते तुमच्या कानांनी ऐका."

"कोण आहे?" एक पुरुषाचा आवाज. म्हातारा, वैतागलेला.

"ऐका म्हटलं ना. माझ्यावर नाहीच बसला तुमचा विश्वास. याच्यावर बसेल."

फोनवर श्वास ऐकू आला. "हॅलो. बोला."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.